नकाशावर न उमटलेली चराई



महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते, या प्रश्नाचे उत्तर शाळकरी मुलगाही देतो. कळसूबाई, उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. इंग्रजकालीन गॅझेटिअर उघडले तर तेथे ५,४२७ फूट असा आकडा भेटतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या साधनांनी, दऱ्याखोऱ्यांतून खांद्यावर यंत्रे वाहून केलेल्या मोजणीत अवघ्या सत्तावीस फुटांचा फरक निघावा, ही त्या मोजणीदारांच्या कौशल्याची साक्ष आहे. ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. परंतु त्याच शिखराच्या पायथ्याशी असलेल्या बारी गावची गुरे कोणत्या सोंडेवर, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या संमतीने चरत होती, हे विचारले तर तोच नकाशा मुका होतो. शिखराची उंची फुटाफुटाने सापडते, चराईचा मागमूस सापडत नाही. नकाशात काय आले आणि काय राहून गेले, या प्रश्नावर आज डोंगरातील कितीतरी गावांचे गोधन अवलंबून आहे.

२०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामाभिधान झालेला पूर्वीचा अहमदनगर जिल्हा म्हटला की डोळ्यांसमोर अवर्षणाची माळराने येतात. नगर शहराच्या परिसरात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतच. त्याच जिल्ह्याचे पश्चिमेचे टोक असलेल्या घाटघरला मात्र पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. अकोले तालुक्याचा हा पश्चिम पट्टा म्हणजे डांगाण. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही त्याची मानचिन्हे. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. इंग्रजी नकाशांनी या तालुक्याचे नाव ‘अकोला’ असे छापून वऱ्हाडातील अकोल्याशी कायमचा घोळ घालून ठेवला, ही त्यातली किरकोळ गोष्ट.

या भूमीने आपल्या हवामानाला साजेसे गोधन घडविले. डांगी गाय-बैलाच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे अंगावर पावसाचे पाणी ठरत नाही. खूर काळे आणि टणक, भाताच्या चिखलात न कुजणारे. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते तेव्हा दूरदूरचे शेतकरी बैलजोडीसाठी येतात. महादेव कोळी, ठाकर आणि कानडी या समाजांनी ही जात पिढ्यानुपिढ्या जोपासली. त्यासाठी कोणत्याही संशोधन केंद्राची वाट पाहिली नाही. पण जातिवंत जनावर केवळ दावणीवर टिकत नाही. पावसाळ्यात खाचरात भात उभे असते, उतारावर नागली-वरई असते. गुरांना तेथे पाय ठेवता येत नाही. म्हणून आषाढापासून कार्तिकापर्यंत ती वरच्या पठारांवर आणि सोंडांवर न्यावी लागतात. भातकापणी झाली की गुरे खाली खाचरात उतरतात, आणि उन्हाळ्यात पाणवठ्याच्या आसऱ्याने पुन्हा रानात शिरतात. हे ऋतुचक्र म्हणजेच डांगाणातील चराईची व्यवस्था. ती कागदावर लिहिलेली नव्हती, पण बेशिस्तही नव्हती.

इंग्रज येण्यापूर्वी या मुलखात मोजणी नव्हती, असा एक समज पाठ्यपुस्तकांनी रुजविला आहे. तो खरा नाही. शिवशाहीत पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. मात्र ही मोजणी पिकाऊ जमिनीची होती. रान मोजण्याचे कोणाला कारण नव्हते. रानाच्या बाबतीत राज्यसत्तेचा व्यवहार दोन शब्दांत सामावलेला दिसतो : ‘कुरण’ आणि ‘वनचराई’. सरकारी घोड्यांच्या गवतासाठी कुरणे राखली जात, आणि रानात गुरे चारणाऱ्यांकडून वनचराई नावाची पट्टी घेतली जाई. ही पट्टी काही आनंदाने भरली जात नसेल. तथापि पट्टी घेणे म्हणजे चारणाऱ्याचा वावर मान्य करणे होय. गावाच्या शिवेचा तंटा उभा राहिला तर महजर होई, थळकरी-वतनदारांच्या साक्षी होत, आणि शीव नेमकी कोठून जाते याचा जाणता साक्षीदार म्हणून गावच्या महाराचा शब्द प्रमाण मानला जाई. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच स्मरणात गावाची सीमा सुरक्षित होती. समाजाच्या इतिहासातील हा विरोधाभास विसरता येण्यासारखा नाही.

इंग्रजांनी या मुलखात दोन वेगवेगळ्या मोजण्या आणल्या, आणि त्यांची गल्लत नेहमी होते.

पहिली आकाशातून खाली येणारी. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. एक रेषा अचूक मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या शिखराचे कोन घ्यायचे, की न चालता त्या शिखराचे अंतर हाती येते. मग त्या शिखरावरून पुढचे शिखर. देशाच्या दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत असे त्रिकोणांचे जाळे विणले गेले. हे काम करता करताच लॅम्बटन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर आजही तेथे आहे. पुढे बिदरच्या परिसरातून मुंबईपर्यंत त्रिकोणांची एक शाखा नेली गेली. या कामाला चहूबाजूंनी दिसणारी उंच शिखरे लागत. वर ध्वज रोवायचा, आरशाने सूर्यप्रकाश परावर्तित करून दूरच्या ठाण्याला खूण द्यायची, आणि जड थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावरून शिखरावर चढवायचे. ते वाहणारे खांदे देशी होते आणि किचकट गणिते सोडविणारी डोकीही पुष्कळदा देशी होती. एव्हरेस्टच्या उंचीच्या गणिताशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या राधानाथ सिकदारांनी या विभागाच्या सर्वेक्षणविषयक ग्रंथात महत्त्वाचा भाग लिहिला. १८५१ च्या आवृत्तीत त्यांचा उल्लेख होता. त्यांच्या मृत्यूनंतर १८७५ मध्ये निघालेल्या आवृत्तीतून तो गळाला. नकाशातून काय गळते याचा विचार करताना नकाशा करणाऱ्यांच्या नामावळीतून कोण गळते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी मोजणी जमिनीवरून चालत आली. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी महसुली पाहणी सुरू केली, तिच्या हाती ३३ फुटांची साखळी होती. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आजही सातबाऱ्यावर जो गुंठा दिसतो तो त्या साखळीचा चौरस आहे. या पाहणीने पुढे नगर जिल्हाही व्यापला. शेताला क्रमांक मिळाला, टिपण झाले, आकार ठरला. पण साखळी धावली ती जेथून सारा मिळणार तेथपर्यंत. जेथे नांगर थांबला तेथे साखळी थांबली. त्यापलीकडचा डोंगर गावनकाशावर एक मोठा, न विभागलेला तुकडा म्हणून राहिला.

दोन्ही मोजण्यांच्या मध्ये चराईचे रान असे अलगद निसटले. शिखरावरून पाहणाऱ्याला ते फार बारीक होते आणि शेतावरून पाहणाऱ्याला फार दूर.

हे सर्व शांततेच्या काळात घडत होते असे नव्हे. १८१८ नंतर घाटमाथ्यावरील कोळी नाईकांची पिढीजात मानपाने आणि जबाबदाऱ्या आटत गेल्या. कंपनी सरकारला हा मुलूख समजून घेण्याची निकड भासली ती याच धास्तीपोटी. कॅप्टन मॅकिंटॉशने १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांविषयी जो विस्तृत वृत्तान्त लिहिला तो असाच. डोंगरवाटा ठाऊक असलेला माणूस त्या काळी फौजेला भारी पडत होता. देवगावचे राघोजी भांगरे कित्येक वर्षे सरकारला गुंगारा देऊ शकले, ते या वाटांच्या ज्ञानाच्या जोरावर. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. क्रांतिकारकांच्या चरित्रात हा तपशील नेहमी सांगितला जातो. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगायला हवी : ज्या वाटा राघोजींच्या साथीदारांना पाठ होत्या, त्या पुढे एक इंचाला एक मैल या प्रमाणाच्या नकाशांवर तुटक रेघांनी उतरल्या. ज्ञान तेच राहिले, त्याचा धनी बदलला.

रानाकडे सरकारचे लक्ष वळले ते लाकडासाठी. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर चढली. स्लीपर हवे होते, जळण हवे होते, जहाजांसाठी साग हवा होता. त्याच साली पहिला वन कायदा आला आणि १८७८ मध्ये त्याहून कितीतरी कडक दुसरा. मधल्या वर्षांत वनखात्यातच मोठा वाद झाला. बेडन-पॉवेल यांचे म्हणणे असे की, ज्याची लेखी नोंद नाही तो हक्क नव्हे, ती सरकारने चालू दिलेली सवलत. आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. वनखात्याचे पहिले प्रमुख डिट्रिच ब्रँडिस यांना एवढे टोक मान्य नव्हते. गावांसाठी स्वतंत्र वने राखावीत असा त्यांचा आग्रह होता. कायद्यात ‘ग्रामवन’ हा शब्द आला खरा, पण प्रत्यक्षात बेडन-पॉवेल जिंकले. १८८३ मध्ये महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात डोंगरांबरोबर गायरानेही जंगलखात्याने गिळल्याची आणि गरिबांच्या शेळ्यांना रानाचा वाराही मिळेनासा झाल्याची तक्रार आहे. पुण्यात बसलेल्या विचारवंताला पाच वर्षांत जे दिसले ते सरकारला दिसायला आणखी काही काळ लागला. राबासाठी फांद्या तोडणे आणि रानात गुरे सोडणे यांवरून विशेषतः ठाणे जिल्ह्यात असंतोष इतका वाढला की, मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे.

या कायद्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने तीच चौकट पुढे चालविली आणि तो अधिनियम अजूनही लागू आहे. एखादे क्षेत्र राखीव वन करायचे ठरले की प्रथम अधिसूचना निघते. तिच्यात सीमा सांगावी लागते. पण ती मोजून, नकाशावर आखून देण्याची सक्ती नाही! रस्ते, नद्या, डोंगरधारा किंवा इतर सर्वपरिचित खुणा यांनी सीमा वर्णिली तरी पुरे, असे कायदा म्हणतो. त्यानंतर वन जमाबंदी अधिकारी आसपासच्या गावांतून दवंडी देतो. ज्याचा काही हक्क असेल त्याने तीन महिन्यांहून कमी नसलेल्या ठरावीक मुदतीत सांगावा. जो सांगितला नाही तो हक्क संपुष्टात येतो. सरकारला सीमा सांगताना ‘अमुक धार, तमुक नदी’ एवढे मोघम चालते. गावाला चराईचा हक्क सांगताना मात्र गुरांची संख्या, त्यांचा प्रकार, कोणत्या हंगामात चारणार, हे सारे तपशीलवार नोंदवून घ्यावे लागते. हाच कायदा डांगाणातील निरक्षर गुराख्यापुढे उभा राहिला, तेव्हा त्याचा परिणाम काय झाला असेल हे सांगायला इतिहासकार नको.

येथे वनखात्याची बाजूही ऐकली पाहिजे. कोवळे गवत फुटावे म्हणून डोंगर पेटविणे, फांद्या छाटून झाडे बोडकी करणे, शेळ्यांचे कळप कोवळ्या रोपांवर सोडणे, हे दोष खोटे नव्हते. सह्याद्रीच्या उतारावरचे झाड गेले की मातीही जाते, हे त्या खात्यातील चांगले अधिकारी जाणत होते. चूक होती ती वेगळीच. नेमाने चारणारा आणि बेछूट चारणारा यांतला फरक ओळखण्याचे साधनच त्यांच्या नकाशाने त्यांच्या हाती दिले नाही. दोघेही राखीव वनात सापडले. दोघांचीही गुरे कोंडवाड्यात गेली.

वननकाशांचे काम कसे होई हे पाहिले म्हणजे ही चूक कोठून आली ते कळते. १८७२ मध्ये कॅप्टन फ्रेडरिक बेली यांच्या हाताखाली वन सर्वेक्षणाची स्वतंत्र शाखा डेहराडूनला स्थापन झाली. चार इंचाला एक मैल अशा मोठ्या प्रमाणावर नकाशे होऊ लागले. मोजणीदार तिपाईवर फळा मांडी, त्यावर कागद ताणून बसवी, आणि दृष्टिपट्टीने समोरची धार, ओढा, टेकडी साधून तेथल्या तेथे रेघ ओढी. खोलीत बसून डोंगर काढणारी ही जमात नव्हती. पण तिच्या कामाचा एक हंगाम ठरलेला होता. पावसाळ्यात धुक्याने शिखर दिसत नाही, कागद भिजतो, ओढे ओलांडता येत नाहीत. म्हणून सर्वेक्षण विभागाच्या तुकड्या पावसाळा संपल्यावर डोंगरात जात आणि पुढच्या पावसाच्या आत खाली उतरत. पावसाचे चार महिने छावणीत बसून नकाशे रेखाटले जात.

आता याच्याशी डांगाणचे ऋतुचक्र ताडून पाहावे. पठारावर गवत कमरेएवढे असते आणि घंटांचा आवाज दरीभर घुमत असतो तो आषाढ-श्रावणात. मोजणीदार वर पोहोचतो तो मार्गशीर्षात. तोवर गवत पिवळे पडून कापले गेलेले असते आणि गुरे खाली खाचरातला कडपा चरत असतात. त्याला पठार रिकामे दिसते. तो प्रामाणिकपणे रिकामे काढतो. हे कोणाचे कारस्थान नव्हते, पण कारस्थानानेही याहून अधिक नेमके काम साधले नसते.

नकाशाच्या रंगांतही हीच गोष्ट आहे. १९०५ नंतर सर्वेक्षण विभागाने रंगीत, समोच्च रेषांचे नकाशे करण्याचे धोरण स्वीकारले. त्याआधी उतार दाखवायला उताराच्या दिशेने बारीक रेघा ओढल्या जात. डोंगर केसाळ सुरवंटासारखा दिसे, सुंदर दिसे, पण त्यावरून उंची वाचता येत नसे. आज परिचित असलेले ४७ ई/१० हे पत्रक उलगडले की कळसूबाईभोवती तपकिरी रेषांची अशी दाटी होते की दोन रेषांत सुई ठेवायला जागा नाही. हरिश्चंद्रगडासाठी ४७ ई/१५ पाहावे लागते. कोकणकड्यावर तर रेषा एकमेकींत विरघळतात. दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, दोन रेषांतील अंतर वीस मीटर. शेती पिवळी, वन हिरवे, पाणी निळे, वस्ती आणि रस्ते लाल. चराईला कोणता रंग? कोणताच नाही. झाडीखाली चालते ती हिरव्यात बुडाली, उघड्या पठारावर चालते ती पांढऱ्यात. आणि पांढरा रंग डोळ्याला एकच गोष्ट सांगतो : येथे काही नाही. पायवाट दाखविली आहे, पण ती वाट श्रावणात गुरांची आहे आणि चैत्रात मोळीवालीची, हे तुटक रेघ सांगू शकत नाही. धनगरांचे तर विचारूच नये. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारी आणि पावसाच्या तोंडावर परतणारी मेंढरे म्हणजे चालता हक्क. तो कोणत्या चौकोनात बसवायचा? ज्या जिल्ह्यातील चौंडी गावी, धनगर कुळात, १७२५ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म झाला, त्या जिल्ह्याच्या नकाशावर मेंढपाळाचा मार्ग नसावा, हे खटकल्यावाचून राहत नाही.

समोच्च रेषा ही निरुपद्रवी भूमितीही नव्हे. धरणाची भिंत किती उंच बांधली म्हणजे पाणी कोठवर चढेल, हे तीच सांगते. १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याचे धरण उभे राहिले, तेव्हा अशीच एक रेषा तलावाची कड झाली आणि तिच्या आतील खोऱ्याची सपाट जमीन पाण्याखाली गेली. पाणी कालव्यांनी पूर्वेला गेले. प्रवरेच्या काठी ऊस आला, पुढे लोणीचा सहकारी साखर कारखाना आला. जिल्ह्याची भरभराट झाली हे निर्विवाद. काठावरच्या वाड्यांना मात्र गुरांसाठी डोंगराची चढणच तेवढी उरली, आणि ती चढण राखीव वनात होती.

१९८६ मध्ये त्यावर आणखी एक सीमा बसली. सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनई ही गावे त्याच्या परिसरात आली. या विषयावर गावोगाव एक गैरसमज पसरलेला आढळतो. तो दूर करणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य ही दोन वेगळी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार राष्ट्रीय उद्यानात चराईला मज्जाव आहे. अभयारण्यात सरसकट मज्जाव नाही. तेथे मुख्य वन्यजीव रक्षकाला चराईचे नियमन करण्याचा आणि गरज पडल्यास ती थांबविण्याचा अधिकार आहे. पाच किलोमीटरच्या आतील पाळीव जनावरांना रोगप्रतिबंधक लस टोचण्याची व्यवस्था करावी, असेही त्याच कायद्यात आहे. ज्या कायद्यात गुरांच्या लसीकरणाचे कलम आहे, त्या कायद्याने गुरे तेथे असणार हे गृहीत धरले आहे. तरीही ‘अभयारण्य झाले, आता गुरे बंद’ हे वाक्य ऐकून माणसे मुकाट्याने जनावरे विकतात. डांगी जात कमी होण्याची अनेक कारणे आहेत. ट्रॅक्टर आला, मुले शिकून शहरांत गेली. पण चरायला हक्काचे रान नाही, ही भीती त्यांतले लहान कारण नव्हे.

कागदाची ही कोंडी प्रथम सैल केली ती २००६ च्या वनहक्क कायद्याने. त्यात चराईचा हक्क, स्थिर आणि भटक्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा, सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट शब्दांत नोंदलेला आहे. अभयारण्यातील वनभूमीही त्यातून वगळलेली नाही. पुराव्यांची यादी तर मुद्दाम वाचावी अशी आहे. गॅझेटिअर, पाहणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, उपग्रहचित्रे, वनखात्याच्या कार्ययोजना. आणि त्यांच्याच पंक्तीला गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने. ज्या नकाशांनी चराई गाळली तेच नकाशे आता चराईच्या बाजूने साक्षीला बोलावता येतात. कारण नकाशाने चराई गाळली असली तरी वाट गाळलेली नाही, पाणवठा गाळलेला नाही. एखाद्या जुन्या पत्रकावर वस्तीपासून निघालेली तुटक रेघ राखीव वनात शिरून पठारावरील पाणवठ्याशी संपत असेल, तर ती वाट कशासाठी होती, हा प्रश्न वनखात्यालाच विचारता येतो.

हे नकाशे मिळविणेही पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी खुली मालिका वेगळी काढली, २०१७ पासून ती संगणकावरून विनामूल्य उतरवून घेता येऊ लागली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे करण्या-वापरण्यावरील बहुतेक जुने निर्बंध उठले. इतकी वर्षे स्वतंत्र देशाच्या नागरिकाला स्वतःच्या डोंगराचा नकाशा चोरून पाहिल्यासारखा पाहावा लागत होता, ही वसाहतकालीन मनोवृत्तीच होती.

परंतु केवळ सरकारी नकाशावर विसंबून भागणार नाही. गावाला आपला नकाशा आपण काढावा लागेल, आणि त्याच्या खुणा सरकारी असणार नाहीत. डांगाणात वसुबारसेच्या दिवशी वाघबारस पाळतात. गुराखी वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवितात आणि वर्षभर गुरे सांभाळल्याबद्दल त्याचे स्मरण करतात. ज्याच्यापासून गुरांना धोका त्याच्याच पाया पडणारी ही संस्कृती. वन्यजीव आणि गोधन यांत एकालाच जागा आहे असे मानणाऱ्यांनी त्या दगडापाशी क्षणभर थांबावे. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी, वाघोबा कोठे बसविला जातो? गावाचा वावर संपून दाट रान सुरू होते त्या सीमेवर. म्हणजे तो दगड पवित्र स्थान आहे आणि चराईची हद्दखूणही आहे. त्याचे अक्षांश-रेखांश घ्यायला आज साधा मोबाइल पुरतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा त्यामागे गावाने वर्षानुवर्षे बसून केलेला असाच अभ्यास होता. तेथे विषय मुख्यतः बांबूचा होता; अकोल्यात तो गवताचा आहे.

यात एक दुखरी गाठ राहते. सामूहिक हक्काबरोबर वन राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर येते. कोणते पठार यंदा बंद ठेवायचे, शेळ्यांचे काय, शेजारच्या गावची गुरे आली तर काय, वणवा लावणाऱ्याला कोण जाब विचारणार, हे निर्णय आजवर वनरक्षकावर ढकलून मोकळे होता येत होते. जुनी शिस्त पुष्कळ ठिकाणी मोडली आहे. ती आहे असे दावा-अर्जात लिहिणे सोपे, चालवून दाखविणे कठीण. त्यातून बाहेरगावच्या मेंढपाळाचा हक्क आपल्या दाव्यात लिहायला किती ग्रामसभा तयार होतील, हा प्रश्न तर कोणी उघड बोलतही नाही. कायदा मात्र त्याविषयी गप्प नाही.

वनहक्क नियमांत पडताळणीसंबंधी एक छोटे कलम आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पशुपालक आणि भटक्या जमातींच्या दाव्यांची पडताळणी त्या व्यक्ती, तो समाज किंवा त्यांचे प्रतिनिधी प्रत्यक्ष हजर असतील अशा वेळी करावी, असे ते सांगते. धनगरांच्या वाड्याची पाहणी तो घाटात असेल तेव्हा. आणि त्याच न्यायाने हरिश्चंद्रगडाच्या पठारावरील चराईची पाहणी मार्गशीर्षातल्या कोरड्या उन्हात नव्हे, तर गुरे वर असतील तेव्हा, श्रावणात. पाचनईहून ती चढण त्या दिवसांत निसरडी असते, धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही आणि सरकारी माणूस अशा वेळी वर यायला नाखूष असणार. म्हणून वनहक्क समितीने पाहणीची तारीख मागणारा अर्ज ज्येष्ठातच द्यावा, त्यावर या कलमाचा उल्लेख करावा, पोच घ्यावी, आणि पंचनाम्याचा कागद भिजू नये म्हणून दोन इरली जास्तीची बरोबर न्यावीत.